ॲनिमोमीटर नेमकं काय मोजतो आणि आकडा कुठे चुकतो

ॲनिमोमीटरच्या, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ‘१८ किमी’ दिसतं तेव्हा आतल्या यंत्राने वारा मोजलेला नसतो. त्याने मोजलेल्या असतात वाट्यांच्या फेऱ्या, किंवा दोन भोकांमधला दाबाचा फरक, किंवा तापलेल्या तारेने गमावलेली उष्णता, किंवा आवाजाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला लागलेला वेळ. त्यावरून वेग काढणारं गणित मध्ये बसलेलं असतं आणि आकडा बहुतेक वेळा तिथेच फसतो. म्हणून यंत्र घेताना, लावताना किंवा त्याच्यावर संशय आला की आधी एवढंच विचारायचं: हे खरं काय मोजतंय?

शेत, गच्ची, पवनचक्कीची जागा अशा मोकळ्या ठिकाणी वाट्यांचा ॲनिमोमीटर चालतो. डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या बंद वाहिनीत) दोन भोकांमधला दाबफरक घेणारी पिटो नळी, एसीच्या ग्रिलवर छोट्या पंख्याचा ॲनिमोमीटर आणि अगदी मंद हवेसाठी तप्त तारेचा. जास्त जागा वाट्या आणि पिटो यांनाच दिली आहे, कारण चुकाही तिथेच जास्त होतात.

वाट्या का फिरतात

आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सनने १८४६ मध्ये चार अर्धगोल वाट्यांचा ॲनिमोमीटर बनवला. वाटीच्या खोलगट बाजूवर वारा आदळला की प्रतिरोध जास्त, फुगीर बाजूवर आदळला की कमी. अर्धगोलासाठी प्रतिरोधाचे गुणांक साधारण १.४ आणि ०.४ आहेत. म्हणून चक्र नेहमी खोलगट बाजू वाऱ्यापुढे पळेल असंच फिरतं, वारा कुठूनही येवो.

किती वेगाने? खोलगट वाटीला जाणवतो वारा उणे वाटीचा वेग, फुगीर वाटीला वारा अधिक वाटीचा वेग. दोन्हीकडचा जोर सारखा झाला की चक्र स्थिर वेगाने फिरतं. वरचे गुणांक घालून हिशेब केला तर वाऱ्याचा वेग वाटीच्या वेगाच्या सुमारे ३.३ पट निघतो. रॉबिन्सनने हा गुणक ३ धरला होता आणि वाट्या, दांडे केवढेही असले तरी तो बदलत नाही अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली. वाटीचा व्यास, दांड्याची लांबी आणि वाट्यांची संख्या यांप्रमाणे हा गुणक बदलतो आणि बऱ्याच यंत्रांत तो २ ते ३ च्या दरम्यान येतो. म्हणजे दोन वेगळ्या बनावटीच्या वाट्या आपसांत बदलल्या की जुना गुणक गेला. एक वाटी तुटली म्हणून दुसऱ्या यंत्राची चिकटवणं हा अगदी नेहमीचा घोटाळा आहे.

१९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसनने तीन वाट्यांचं चक्र पुढे आणलं. एका फेरीत जोर जास्त एकसारखा राहतो आणि झुळुकीला प्रतिसाद लवकर मिळतो, म्हणून आज बहुतेक यंत्रं तीन वाट्यांचीच दिसतात.

या हिशेबात एक फायदा लपलेला आहे. हवेची घनता दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे कटून जाते. मुंबईत ठरवलेला गुणक महाबळेश्वरलाही जवळपास तसाच चालतो. पिटो नळीला ही सवलत नाही, ते पुढे येईलच.

फेऱ्यांपासून आकड्यापर्यंत

स्वस्त यंत्रांत चक्राखाली एक चुंबक आणि एक रीड स्विच असतो. चुंबक समोरून गेला की स्विच क्षणभर मिटतो, म्हणजे एक ठोका. हवामान केंद्राच्या सुट्या किटमध्ये सर्रास मिळणाऱ्या तीन वाट्यांच्या यंत्रात सेकंदाला एक ठोका म्हणजे ताशी २.४ किमी असा हिशेब असतो. तीन सेकंदांत ७ ठोके पडले तर ७ भागिले ३, गुणिले २.४, म्हणजे ताशी ५.६ किमी.

स्वतः जोडणी करणाऱ्यांनी स्विचची एक तार ग्राउंडला द्यावी. दुसरी कंट्रोलरच्या (ठोके मोजणाऱ्या छोट्या संगणकाच्या) इनपुटला द्यावी आणि त्या इनपुटला १० किलोओहमचा रोध लावून ३.३ व्होल्टला बांधावं. इनपुट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. रीड स्विच मिटताना त्याची पात्यं काही क्षण थरथरतात आणि एका फेरीचे दोन-तीन ठोके मोजले जातात. शांत दुपारी मध्येच ताशी १५० किमीचा सुळका दिसला तर वादळ शोधू नका, ही थरथर शोधा. प्रोग्राममध्ये एका ठोक्यानंतर ५ मिलिसेकंदांत आलेला दुसरा ठोका सोडून द्यायचा. तेवढी गाळणी लावूनही सेकंदाला २०० ठोके, म्हणजे ताशी ४८० किमीपर्यंत मोजता येतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर १० एप्रिल १९९६ ला ‘ऑलिव्हिया’ चक्रीवादळात ताशी ४०८ किमीचा झोत नोंदला गेला. जागतिक हवामान संघटनेने २०१० मध्ये विक्रम म्हणून मान्य केलेला हा आकडाही वाट्यांच्याच ॲनिमोमीटरचा. तेव्हा ५ मिलिसेकंदांनी आपलं काही अडणार नाही.

केबल वीस-तीस मीटर लांब असेल तर जाळीदार आवरणाची घ्यावी आणि मोटरपंपाच्या केबलशेजारून नेऊ नये. पंप सुरू होताना खोटे ठोके पडतात.

जागा: इथे झालेली चूक गणिताने सुटत नाही

हवामानशास्त्राचा प्रमाण नियम असा: मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंची, आणि कोणताही अडथळा त्याच्या स्वतःच्या उंचीच्या किमान दहापट दूर. ६ मीटरचं झाड असेल तर ६० मीटर लांब. शहरात हे जमत नाही, पण नियम का आहे ते समजलं की तडजोड नीट करता येते. अडथळ्यामागे हवा नुसती मंदावत नाही, भोवरे करते, आणि भोवऱ्यातली वाटी कधी जास्त तर कधी कमी फिरते. असा आकडा कोणत्याही गुणकाने सुधारत नाही.

गच्चीवर कठड्याला धडकलेला वारा वर उसळतो आणि स्लॅबवर भोवऱ्यांचा एक फुगा तयार होतो. पाण्याच्या टाकीला क्लॅम्पने बांधलेला ॲनिमोमीटर त्या फुग्याच्या आत बसतो. फुगा किती उंच आहे ते बघायची सोपी रीत आहे. चांगला लांब बांबू घ्या. दर अर्ध्या मीटरवर हातभर लांबीची हलकी रिबन किंवा कॅसेटची जुनी फीत बांधा. मध्यम वारा असताना बांबू गच्चीवर उभा धरा आणि दहा-पंधरा मिनिटं खालून बघत राहा. खालच्या रिबनी मागेपुढे भिरभिरतात, मध्येच उलट्या वळतात, लोंबतात. एका उंचीनंतर त्या सगळ्या एकाच दिशेला आडव्या ताणून फडफडायला लागतात. यंत्र त्या उंचीच्या वर लावायचं. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि थंडीत पूर्व-ईशान्येकडचा, म्हणून दोन्ही मोसमांत हा प्रयोग करावा. कोकण किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे, तिथे एकाच दिवसात दोनदा. बांबू उभा करताना विजेच्या तारांपासून दूर राहायचं, हे लिहिण्याची गरज पडू नये.

लावताना क्रम असा ठेवा:

१. पाइप उभा करून पाणसळीने दोन बाजूंनी तपासा. अक्ष कलला तर बेअरिंग एका अंगाने झिजतं आणि आकडाही बदलतो.
२. यंत्र पाइपच्या माथ्यावर, सगळ्याच्या वर. बाजूला लावणं भागच असेल तर आडवा दांडा लांब घ्या. पाइपच्या आडोशाला वाटी आली की त्या दिशेचा वारा कमी दिसतो.
३. ताणाच्या तारा तीन बाजूंना, १२० अंशांवर. पाइप डुलला तर डुलण्याचा वेगही वाऱ्यात मिसळतो.
४. अर्थिंग वेगळी, जाड पट्टीची. वीजरोधकाचा दांडा यंत्राहून उंच, पण बारीक आणि शक्य तितका बाजूला.
५. केबल खाली उतरवताना पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत जात नाही.

पिकाच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्यांना वारा २ मीटरवरचा लागतो. यंत्र १० मीटरवर असेल तर आखूड गवताच्या मोकळ्या जागेसाठी आकड्याला ०.७४८ ने गुणायचं. औषध फवारणीला मात्र कोणताही गुणक वापरू नका, हातातलं यंत्र नोझलच्या उंचीला धरून मोजा. ताशी ५ ते १५ किमी ठीक. अगदी निपचित हवाही वाईटच, कारण पहाटेच्या थंड थरात बारीक तुषार तरंगत राहतात आणि नंतर कुठेही वाहवत जातात.

गुणक स्वतः तपासणे

विंड टनेल, म्हणजे ठरावीक वेगाचा वारा देणारा बोगदा, सगळ्यांना मिळत नाही. गाडीवर तपासणी करता येते, पण सूर्योदयाआधी, झाडाचं पान हलत नसताना आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर. गाडीच्या टपावरून हवा वेग घेते, म्हणून यंत्र टपापासून किमान दीड मीटर वर, घट्ट ताणलेल्या दांड्यावर. दांडा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या शंभर मीटर चालवून पुन्हा आवळा. वेग जीपीएसवरून घ्या, काट्यावरून नाही. गाडीचा काटा सहसा खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. गाडी एकाने चालवायची, नोंदी दुसऱ्याने घ्यायच्या.

प्रत्येक वेग एक मिनिट स्थिर धरायचा आणि तोच टप्पा उलट्या दिशेनेही करायचा, म्हणजे उरलासुरला वारा कटतो. समजा ताशी ४० किमीला जाताना सेकंदाला १७.४ ठोके पडले, येताना १५.६, सरासरी १६.५. ताशी २० ला सरासरी ८.१. तर ८.४ ठोक्यांमागे २० किमी, म्हणजे एका ठोक्याला २.३८. हा उतार झाला. आता ८.१ गुणिले २.३८ म्हणजे १९.३, आणि खरा वेग होता २०. उरलेला ०.७ म्हणजे बेअरिंगच्या घर्षणाला गेलेला वारा. गणित झालं: वेग = ०.७ + २.३८ × ठोके. चार-पाच वेगांवर करून आलेखावर सरळ रेषा काढली तर एखादा चुकीचा टप्पा लगेच डोळ्यांत भरतो. शून्य ठोके असताना मात्र ०.७ मिळवू नका, तिथे ‘शांत’ असंच लिहा.

एवढा खटाटोप कशाला? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्क्यांनी जास्त मोजला तर ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी फुगते, १० टक्क्यांनी मोजला तर ३३ टक्क्यांनी. चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्कीचा हिशेब मांडताना हा फरक परवडत नाही.

वाट्यांचा एक जन्मजात दोषही इथेच. झोत आला की त्या चटकन वेग घेतात, पण झोत गेल्यावर तितक्या लवकर मंदावत नाहीत. त्यामुळे झोतांच्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्त येते. चक्र जितकं हलकं तितका हा दोष कमी. जड, धातूच्या वाट्या दणकट दिसतात, टिकतातही, पण मोजायला हलक्याच बऱ्या.

सरासरी आणि दिशा

‘वारा किती?’ याला वेळेशिवाय उत्तर नाही. जागतिक प्रथेप्रमाणे सरासरी १० मिनिटांची आणि झोत ३ सेकंदांचा. चक्रीवादळासाठी आपलं हवामान खातं ३ मिनिटांची सरासरी वापरतं, अमेरिकेत १ मिनिटाची. म्हणून एकाच वादळाचे दोन आकडे बातम्यांत येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

दिशा म्हणजे वारा *जिथून* येतो ती. वातकुक्कुटाची चोच वाऱ्याकडे, शेपूट वाऱ्यासोबत. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक किरकोळ आहे, होकायंत्र पुरतं. फक्त ते लोखंडी पाइपला टेकवून बघू नका, दहा पावलं मागे जाऊन पाइपच्या रेषेत बघा. आणि दिशांची साधी सरासरी कधीही काढू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचेच वारे, पण साधी सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण! प्रत्येक नोंदीचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे सरासरून त्यांवरून कोन काढायचा.

पिटो नळी: डक्टमधलं काम

आंरी पिटोने १७३२ मध्ये पॅरिसमध्ये सीन नदीचा वेग मोजायला ही नळी वापरली. प्रवाहाकडे तोंड केलेल्या भोकात हवा थांबते आणि दाब वाढतो; बाजूच्या बारीक भोकांत नुसता स्थिर दाब असतो. दोन्हींतला फरक मॅनोमीटरवर (दाबफरक मोजणाऱ्या यंत्रावर) घेतला की वेग = √(२ × दाबफरक ÷ घनता).

घनता इथे कटत नाही. समुद्रसपाटीजवळ ती १.२ किलो प्रति घनमीटर धरली तर वेग = १.२९ × √दाबफरक (वेग मीटर प्रति सेकंदात, दाबफरक पास्कलमध्ये). पुणे सुमारे ५६० मीटरवर. ३० अंश तापमानाला घनता १.०९ च्या आसपास येते आणि गुणक १.३५ होतो. मीटरमध्ये समुद्रसपाटीची घनता भरून ठेवलेली असेल तर पुण्यात प्रत्येक वाचन सुमारे ५ टक्के कमी येतं. कंत्राटदार आणि सल्लागार यांच्यातले निम्मे वाद या एका सेटिंगचे असावेत.

४०० मिमी व्यासाच्या गोल डक्टचं मोजमाप असं करायचं:

१. सरळ तुकडा निवडा. मागे (हवा येते त्या बाजूला) व्यासाच्या साडेसातपट आणि पुढे तिप्पट लांबी सरळ हवी. एल्बोच्या, म्हणजे डक्टच्या वळणाच्या, अगदी पुढे मोजू नका, तिथे हवा एका अंगाला दाटलेली असते.
२. एकमेकांशी काटकोनात दोन भोकं पाडा. नळी ८ मिमीची असेल तर भोक १० मिमीचं. कडेचे धारदार बर घासून काढा.
३. नळीवर चिकटपट्टीने खुणा करा. सहा बिंदूंसाठी आतल्या भिंतीपासून १३, ५४, १२८, २७२, ३४६ आणि ३८७ मिमी. ही अंतरं समान नाहीत ते मुद्दाम. भिंतीजवळ वेग झपाट्याने बदलतो, म्हणून तिथे बिंदू दाट.
४. दोन्ही नळ्या मोकळ्या ठेवून मॅनोमीटर शून्यावर आणा. मध्ये-मध्ये पुन्हा तपासा.
५. तोंड थेट प्रवाहाकडे धरा. साधारण दहा अंशांपर्यंतचा तिरकेपणा चांगली नळी सोसते, त्यापुढे नाही. वाचन उणे आलं तर नळ्या उलट जोडल्या आहेत किंवा तोंड उलट आहे.
६. प्रत्येक बिंदूवर काटा स्थिरावू द्या, मग लिहा. भोकातून निसटणारी हवा बोळ्याने बंद ठेवा.

आता गणितातली खोच. समजा एका व्यासावर २५, ३६, ६४, ६४, ४९ आणि ३६ पास्कल मिळाले. *आधी* प्रत्येकाचं वर्गमूळ: ५, ६, ८, ८, ७, ६. सरासरी ६.६७. पुण्याच्या गुणकाने वेग ९ मीटर प्रति सेकंद. दाबांची सरासरी काढून मग वर्गमूळ घेतलं तर ६.७६ येतं, म्हणजे उत्तर उगाच फुगतं. प्रवाह जितका असमान तितकी ही फुगवणूक जास्त. दुसऱ्या व्यासाचंही असंच करून दोन्हींची सरासरी घ्या. क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मीटर. हवा सुमारे १.१३ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे २,४०० सीएफएमच्या (घनफूट प्रति मिनिट) आसपास.

पिटोचं दुबळेपण मंद हवेत दिसतं. १० मीटर प्रति सेकंदाला ६० पास्कल मिळतात, ३ ला जेमतेम साडेपाच, आणि अर्ध्या मीटरला ०.१५. शेवटचा आकडा दार उघडल्यावरही हलतो. ३ मीटर प्रति सेकंदाखाली दुसरं यंत्र घ्या.

मंद हवेसाठी आणि पावसातल्यासाठी

तप्त तारेच्या यंत्रात तार ठरावीक तापमानावर धरून ठेवायला किती वीज लागते ते मोजतात. जितकी हवा जोरात, तितकी वीज जास्त. फ्यूम हुडच्या (प्रयोगशाळेतल्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) तोंडावरचा ०.५ मीटर प्रति सेकंद हा वेग त्याला सहज कळतो. शत्रू दोन: धूळ आणि पाण्याचे थेंब. तारेवर धूळ बसली की उष्णता कमी सुटते आणि हवा कमी दिसते. बोट लावून पुसायची नाही, तुटते.

पंख्याचा हातातला ॲनिमोमीटर ग्रिलवर एका जागी धरून वाचन घेऊ नका. ग्रिलपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, नागमोडी, संथ गतीने सगळ्या तोंडावरून फिरवा आणि सरासरीचं बटण वापरा. स्वतः हवेच्या वाटेत उभं राहू नका. ग्रिलच्या पट्ट्यांमुळे खरं मोकळं क्षेत्र कमी असतं, म्हणून ग्रिल बनवणाऱ्याचा क्षेत्र-गुणक घ्या. टेपने मोजलेलं लांबी-रुंदीचं क्षेत्रफळ घेतलं तर हवा फुगते.

ध्वनीच्या यंत्रात हलणारा भागच नाही. २० सेंटीमीटरवर समोरासमोर दोन टोकं; २५ अंशाला शांत हवेत आवाजाला ५७८ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला १० मीटर वारा असला की वाऱ्यासोबत ५६२ आणि विरुद्ध ५९५. या दोन वेळांच्या व्यस्तांमधल्या फरकातून वेग निघतो आणि आवाजाचा स्वतःचा वेग, म्हणजे तापमानही, कटून जातं. झोत तात्काळ पकडतो, बेअरिंग नाही. मुसळधार पावसात टोकांवर थेंब बसले की मात्र वाचनं गळतात, आणि पक्षी बसला तरी तेच.

बिघाड ओळखणे

पिटोचं पुढचं भोक बुजलं तर काय होतं ते विमान अपघातांनी दाखवलं आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि वेगाची वाचनं बिघडली. ६ फेब्रुवारी १९९६ च्या बिर्गेनएअर ३०१ मध्ये एक पिटो नळी बुजलेली होती आणि वर चढताना वेग *वाढत* दिसला, कारण आतला दाब कोंडलेला आणि बाहेरचा स्थिर दाब घटत गेला. बुजलेली नळी शून्यच दाखवते असं नाही, हे डक्टवर काम करतानाही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुंभारीण माशीला ८ मिमीची नळी घर म्हणून फार आवडते. वापर नसेल तेव्हा टोपी घाला, आणि वापरण्याआधी मॅनोमीटर *काढून* दोन्ही वाटांतून हळू फुंकून बघा.

वाट्यांच्या यंत्रात संक्रांतीनंतर मांजा बघा. तो अक्षाभोवती गुंडाळला जातो, वाट्या थांबत नाहीत, फक्त मंदावतात, आणि महिनाभर ‘यंदा वारा कमी’ अशी नोंद होत राहते. किनाऱ्यावर मीठ, देशावर धूळ, दोन्ही बेअरिंगमध्ये हेच करतात. ओळखायची खूण: मोठे झोत पूर्वीसारखेच, पण ताशी ३-४ किमीच्या नोंदी गायब आणि ‘शांत’ तास वाढलेले.

नवं यंत्र आलं की लावण्याआधीच एक काम करून ठेवा. दारं-खिडक्या आणि पंखा बंद करून वाट्यांना बोटाने गती द्या. सेकंदाला दोन फेऱ्या उरल्या की घड्याळ सुरू करा, पूर्ण थांबेपर्यंतचे सेकंद मोजा, तीनदा करा आणि सरासरी मार्करने यंत्राच्या बुडाला लिहा. दर वर्षी पावसाळ्यानंतर खाली उतरवून तेच. वेळ निम्म्यावर आली असेल तर बेअरिंग बदला. ते तेलात बुडवू नका. घट्ट तेलाने वेळ आणखी घटते आणि धूळही चिकटते.